पीसीओएस आणि ओव्ह्युलेशनचा माग: कोणत्या साधनावर किती भिस्त ठेवावी?

पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेली आणि चान्स घेत असलेली बाई आज एकाच वेळी तीन-चार नोंदी सांभाळत असते. फोनमधलं अ‍ॅप सांगतं की बीज चौदाव्या दिवशी सुटेल. लघवीच्या चाचणीची पट्टी अकराव्या दिवसापासूनच गडद रेघ दाखवू लागते. अठराव्या दिवशीच्या सोनोग्राफीच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं की दोन्ही बाजूंना नुसती बारीक फॉलिकल्स आहेत, एकही वाढलेलं नाही. पुढे पाळी चाळिसाव्या दिवशी येते, कधी साठाव्या. दर महिन्याला असा गोंधळ झाला की बाईला वाटायला लागतं, आपल्यालाच नीट मोजता येत नाही.

मोजण्यात तिची चूक नसते. ही बहुतेक साधनं नियमित पाळीच्या बायका डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली आहेत. हार्मोन्सचा तोल बिघडलेल्या शरीरात त्यांचे अर्थ बदलतात, आणि ते कसे बदलतात हे पट्टीच्या खोक्यावर ठळक छापलेलं नसतं. म्हणून या साऱ्या साधनांचा एकत्र आढावा घ्यायला हवा: प्रत्येक साधन नेमकं काय मोजतं, पीसीओएसमध्ये ते कुठे फसतं आणि कुठे खरंच उपयोगी पडतं. माझं म्हणणं आधीच सांगते. पीसीओएसमध्ये ‘बीज कोणत्या दिवशी सुटणार’ यापेक्षा ‘बीज सुटतंय का’ हा प्रश्न मोठा आहे. त्याचं उत्तर दोन-तीन महिन्यांत मिळायला हवं आणि ते मिळालं की पुढचा निर्णय लांबवू नये.

नियमित चक्रात काय घडतं

पाळी सुरू झाली की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच हे हार्मोन येतं आणि अंडाशयातली काही फॉलिकल्स, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पाण्याच्या पिशव्या, वाढायला लागतात. त्यांतली एक पुढे निघते, बाकीच्या मागे पडतात. पुढे गेलेलं फॉलिकल इस्ट्रोजेन तयार करतं. ते पुरेसं वाढलं की पिट्युटरी एकदम मोठ्या प्रमाणात एलएच हे दुसरं हार्मोन सोडते. एलएच चढू लागल्यापासून साधारण ३४ ते ३६ तासांत फॉलिकल फुटतं आणि बीज बाहेर पडतं. रिकाम्या झालेल्या फॉलिकलचं कॉर्पस ल्युटियम बनतं आणि ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि पाळी येते.

सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र योनिमार्गातून आत गेल्यावर पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. ॲलन विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या नमुन्यांवरून १९९५ मध्ये दाखवून दिलं की गर्भ राहण्याची शक्यता सहा दिवसांपुरतीच असते: बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस. बीज सुटून गेल्यावर संबंध ठेवून उपयोग जवळपास नसतो. म्हणजे माग काढायचा तो आधीच काढता आला पाहिजे, आणि पीसीओएसमध्ये नेमकं तेच अवघड होऊन बसतं.

पीसीओएसमध्ये काय बिघडतं

शिकागोचे स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये पाळी न येणाऱ्या सात स्त्रियांची अंडाशयं मोठी आणि बारीक पिशव्यांनी भरलेली असल्याचं नोंदवलं. आज निदान होतं ते २००३ मध्ये रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांवरून: बीज क्वचित किंवा अजिबात न सुटणं, अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन जास्त असणं, आणि सोनोग्राफीत अंडाशय पॉलिसिस्टिक दिसणं. तिन्हींपैकी दोन असली आणि दुसरं कारण नसलं, की पीसीओएस. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्रौढ स्त्रियांसाठी सोनोग्राफीऐवजी एएमएच ही रक्तचाचणीही चालेल असं म्हटलं आहे.

आत घडतं ते असं. मेंदूकडून पिट्युटरीला येणारे संदेश नेहमीपेक्षा भरभर येतात. त्यामुळे एलएच जास्त आणि एफएसएच तुलनेनं कमी राहतं. जास्तीचं एलएच अंडाशयाला अँड्रोजेन बनवायला लावतं. इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नसेल तर रक्तात इन्शुलिन वाढतं आणि ते अँड्रोजेनमध्ये आणखी भर घालतं. अशा वातावरणात फॉलिकल्स २ ते ९ मिलिमीटरपर्यंत वाढून तिथेच थांबतात. बीज सुटत नाही म्हणून प्रोजेस्टेरॉन बनत नाही, आणि मेंदूच्या त्या भरभर संदेशांना लगाम घालण्याचं काम प्रोजेस्टेरॉनचंच असल्यामुळे ते संदेश तसेच चालू राहतात. चक्र स्वतःच स्वतःला अडकवून ठेवतं.

हे पक्कं ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढच्या प्रत्येक साधनाचा घोटाळा इथूनच सुरू होतो: एलएच आधीच चढलेलं, इस्ट्रोजेन थांबून थांबून वर-खाली होणारं, आणि प्रोजेस्टेरॉन बहुतेक वेळा गैरहजर.

आणखी एक गोष्ट. सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ (पीसीओएसचंच रूढ नाव) लिहिलं म्हणजे बीज सुटत नाही असं ठरत नाही. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी १५ ते २४ वर्षांच्या मुलींचा अभ्यास करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात रॉटरडॅमचे निकष लावले तर २२.५ टक्के मुलींना पीसीओएस निघाला, आणि अँड्रोजेन जास्त असण्याची अट सक्तीची करणारे निकष लावले तर त्याच मुलींमध्ये १०.७ टक्के. कागदावर हा शिक्का असलेल्या कितीतरी बायकांचं बीज दर महिन्याला वेळेवर सुटत असतं. उलट, पाळी ठरल्या वेळी येत असूनही बीज सुटत नाही असंही होतं. शिक्का आणि ओव्ह्युलेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची चाचणी वेगळीच करावी लागते.

पाळी लांबण्याची कारणंही इतर असू शकतात. थायरॉइड मंद असणं, प्रोलॅक्टिन वाढणं, फार कमी खाणं किंवा अतिव्यायामानं मेंदूनंच चक्र थांबवणं. टीएसएच आणि प्रोलॅक्टिन या साध्या रक्तचाचण्या न करता थेट पट्ट्या आणायला धावू नये. थायरॉइडची गोळी लागू पडून पाळी सुरळीत झाली, तर बाकी खटाटोपाची गरजच उरत नाही.

कॅलेंडर आणि अ‍ॅप

तारखांवरून दिवस काढण्याची पद्धत शंभर वर्षं जुनी आहे. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी १९२० च्या दशकात स्वतंत्रपणे शोधून काढलं की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी सुटतं. भारतात स्वातंत्र्यानंतर राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं हीच पद्धत कुटुंबनियोजनासाठी दिल्लीत आणि म्हैसूरकडच्या रामनगरमध्ये करून पाहिली गेली. दिवस मोजायला बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या होत्या. प्रयोग फसला. चक्रं माळेसारखी ठरावीक नसतातही.

या पद्धतीतली मेख अशी की मोजणी पुढच्या पाळीपासून मागे जाते, आणि पुढची पाळी कधी येणार हेच ठाऊक नसतं. विल्कॉक्स यांच्याच २००० सालच्या अभ्यासात दिसलं की पुस्तकांत सांगितलेल्या दहाव्या ते सतराव्या दिवसांत आपले सुपीक दिवस पूर्णपणे बसणाऱ्या स्त्रिया जेमतेम ३० टक्के आहेत. आणि यांतल्या बहुतेक नियमित पाळीच्या स्त्रिया होत्या. अ‍ॅप्स मागच्या पाळ्यांची सरासरी काढून पुढचा अंदाज देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत ओव्ह्युलेशनचा अचूक दिवस सांगण्यात अ‍ॅप्सचं यश २१ टक्क्यांपलीकडे गेलं नाही. ज्यांची पाळी एकदा ३३ दिवसांनी आणि एकदा ७१ दिवसांनी येते त्यांच्यासाठी सरासरी या आकड्याला काही अर्थच नाही.

तरी अ‍ॅप फेकून देऊ नका. पाळीच्या तारखा, रक्तस्राव किती दिवस आणि किती होता, गोळ्या कधी घेतल्या, यांची नोंद डॉक्टरांसमोर ठेवायला ती उत्तम जागा आहे. वर्षाला आठपेक्षा कमी पाळ्या, किंवा दोन पाळ्यांत सातत्यानं ३५ दिवसांहून जास्त अंतर, एवढी नोंद दाखवली तरी निदान पुढे सरकतं. अ‍ॅपनं दाखवलेली ‘सुपीक दिवसां’ची रंगीत पट्टी मात्र दुर्लक्ष करण्याजोगी.

एलएचच्या पट्ट्या

सर्वांत जास्त आशा आणि सर्वांत जास्त मनस्ताप याच पट्ट्यांपायी होतो, म्हणून इथे थोडं थांबू.

पट्टी लघवीतलं एलएच मोजते. ते ठरावीक पातळीच्या वर गेलं की चाचणीची रेघ बाजूच्या नियंत्रण रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद होते. इथेच पहिला घोळ होतो. गरोदरपणाच्या चाचणीत पुसट रेघही ‘हो’ म्हणून धरतात. ओव्ह्युलेशनच्या पट्टीत पुसट रेघ म्हणजे ‘नाही’. थोडं एलएच शरीरात नेहमीच असतं, त्यामुळे दुसरी रेघ दिसणारच. सांगितलेल्या मिनिटांनंतर पाहिलं तर वाळताना गडद झालेली रेघही फसवते. एलएच बऱ्याचदा पहाटे चढायला लागतं आणि लघवीत उतरायला काही तास घेतं. म्हणून पहाटेच्या पहिल्या लघवीऐवजी दुपारी किंवा संध्याकाळी चाचणी करावी, त्याआधी दोनेक तास भरपूर पाणी, ताक, चहा पिऊ नये. पातळ लघवीत चढलेलं एलएचही निसटून जातं.

नियमित पाळीच्या स्त्रियांना या पट्ट्यांचा फायदा होतो. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, पट्ट्यांविना गर्भ राहण्याची शक्यता १८ टक्के धरली, तर पट्ट्या वापरून ती २० ते २८ टक्क्यांच्या दरम्यान जाते. पण हे निष्कर्ष चाळिशीच्या आतल्या आणि वर्षभराहून कमी काळ प्रयत्न करणाऱ्या स्त्रियांबद्दलचे आहेत. पीसीओएस असलेल्यांना ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पीसीओएसमध्ये पट्टी दोन तऱ्हांनी फसवते. पहिली तऱ्हा: एलएच मुळातच वर असल्यामुळे पट्टी दिवसेंदिवस गडद राहते. दुसरी तऱ्हा अधिक छळणारी आहे. शरीर बीज सोडायची तयारी करतं, एलएच चढतं, पण फॉलिकल साथ देत नाही आणि सगळं विरून जातं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. समजा, एका चक्रात बाराव्या, बाविसाव्या आणि चौतिसाव्या दिवशी रेघ गडद झाली आणि पाळी अठ्ठेचाळिसाव्या दिवशी आली. तर बीज सुटलंच असेल तर ते बहुधा चौतिसाव्या दिवसाच्या मागेपुढे, कारण पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी आलेली आहे. पहिल्या दोन रेघा हुलकावण्या होत्या. हे कळतं ते पाळी आल्यावर, मागे वळून पाहताना. त्या दिवशी हाती असते नुसती एक गडद रेघ, आणि ती पाहून नवऱ्याला ऑफिसातून लवकर बोलावून घेतलेलं असतं.

एलएचसोबत इस्ट्रोजेनचा अंश मोजणारी डिजिटल किट्स आहेत. बेंगळुरूमध्ये सुरू झालेल्या इनिटोसारखी काही उपकरणं लघवीतला प्रोजेस्टेरॉनचा अंशही मोजतात आणि आकडे फोनवर देतात. आकडा दिसला की स्वतःची नेहमीची पातळी आणि खरी उसळी यांतला फरक कळायला मदत होते, हा त्यांचा खरा फायदा. खर्च मात्र महिन्यागणिक चढत जातो, आणि चक्र साठ दिवसांचं असेल तर दुपटीनं.

तेव्हा पट्टीची किंमत अशी ठरवावी: गडद रेघ म्हणजे ‘कदाचित’. बीज सुटल्याचा पुरावा ती कधीच नव्हे. रेघ सतत गडदच येत असेल तर पट्ट्या बंद कराव्यात. आपल्या शरीरासाठी ते साधन नाही एवढाच त्याचा अर्थ.

स्राव आणि सकाळचं तापमान

बीज सुटायच्या सुमाराला गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, पारदर्शक आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा होतो. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्यानं यावरच आपली पद्धत उभी केली. हा स्राव शुक्रजंतूंना वर जायला वाट करून देतो. तो दिसला की संबंध ठेवावा हा सल्ला पीसीओएसमध्येही योग्यच, फुकटही. अडचण एवढीच की इस्ट्रोजेन वर-खाली होत राहिल्यानं असा स्राव एका चक्रात तीन-चार वेळा येऊन जातो.

तापमानाची गोष्ट वेगळी. प्रोजेस्टेरॉनमुळे शरीराचं तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसनं चढतं आणि पाळीपर्यंत तसंच राहतं. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून न उठता, बोलायच्या किंवा पाणी प्यायच्या आधी, दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या थर्मामीटरनं जिभेखाली तापमान घ्यायचं आणि कागदावर टिंबं काढत जायचं. पहिल्या भागात खालची पातळी आणि मग एक पायरी चढून वरची, असा आलेख दिसला तर बीज सुटून गेलेलं आहे. पायरी दिसतच नसेल आणि आलेख महिनाभर करवती दात्यांसारखा राहिला, तर बहुधा सुटलेलं नाही.

तापमान आगाऊ काही सांगत नाही, म्हणून पुष्कळ जणी ते टाकून देतात. पीसीओएसमध्ये मात्र त्याची किंमत वाढते, कारण ते नेमक्या मोठ्या प्रश्नाला हात घालतं. हुलकावणी देणाऱ्या एलएचमागे तापमान चढत नाही. पट्टी गडद झाल्यावर तीन दिवस तापमान वर टिकलं तर ती रेघ खरी. रात्रपाळी, मध्यरात्री उठणारं मूल, ताप, अपुरी झोप यांनी आलेख बिघडतो हे खरं. मनगटावर किंवा बोटात घालून झोपायची उपकरणं हे काम आपोआप करतात. ॲपलच्या घड्याळात २०२२ पासून ही सोय आहे, पण तेही बीज सुटून गेल्यावरचा अंदाजच सांगतं. ज्यांना रोज सकाळी थर्मामीटर हातात घेतल्यावर धडधड वाढते त्यांनी हा नाद सोडावा. त्यांच्यासाठी रक्तचाचणी आहे.

एकविसाव्या दिवसाची चाचणी

बीज सुटल्यानंतर सुमारे सात दिवसांनी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन सर्वांत वर असतं. ते मिलिलिटरला ३ नॅनोग्रॅमपेक्षा जास्त आलं तर बीज सुटलं असं मानतात. एक सुई, एक आकडा, आणि प्रश्नाला थेट उत्तर.

पण ही चाचणी ‘डे ट्वेंटी-वन प्रोजेस्टेरॉन’ या नावानं लिहून दिली जाते आणि पीसीओएसमध्ये तिथेच अन्याय होतो. एकविसावा दिवस २८ दिवसांच्या चक्रासाठी आहे. पस्तीस दिवसांचं चक्र असेल तर ती अठ्ठाविसाव्या दिवशी करायला हवी. बीज तिसाव्या दिवशी सुटणार असेल, तर एकविसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन कमी येणारच. रिपोर्ट पाहून बाईला सांगितलं जातं की बीज होत नाही, आणि नऊ दिवसांनी ते सुटून जातं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या सूचनेत यावर साधा तोडगा आहे: पाळी अनियमित असेल तर चाचणी उशिरा करा आणि पुढची पाळी येईपर्यंत दर आठवड्याला पुन्हा करा. पट्टी गडद झाली किंवा तापमान चढलं तर त्यानंतर सात दिवसांनी रक्त द्यायचं, हा दुसरा मार्ग. प्रोजेस्टेरॉन काही तासांत वर-खाली होत असतं, त्यामुळे एकदाच किंचित कमी आलेल्या आकड्यावरून निकाल लावू नये.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाताना पाळी सुरू झाल्याची तारीख, रक्त दिल्याची तारीख आणि त्यानंतर पाळी आली ती तारीख, या तिन्ही रिपोर्टवरच लिहून ठेवाव्यात. तिसरी तारीख नसेल तर त्या आकड्याचा अर्थ लागत नाही.

फॉलिक्युलर स्टडी

आपल्याकडे जिल्ह्याच्या गावांतही आता फॉलिक्युलर स्टडी करून मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिली सोनोग्राफी, मग नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड. हातात मिळतो तो कागद असा: तारीख, चक्राचा दिवस, मग ‘आरओ’ म्हणजे उजवं अंडाशय, ‘एलओ’ म्हणजे डावं, ‘ईटी’ म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराची जाडी आणि ‘पीओडी’ म्हणजे गर्भाशयामागच्या खोलगट जागेत पाणी आहे का. पुढे गेलेलं फॉलिकल दिवसाला दीड-दोन मिलिमीटर वाढतं आणि १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान फुटतं. काल २० लिहिलेलं फॉलिकल आज आकसलेलं आणि मागे थोडं पाणी, म्हणजे ‘अंडं फुटलं’. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे सर्वांत स्पष्ट दिसतं.

पट्टी आणि अ‍ॅप अंदाज करतात, इथे डोळ्यांनी दिसतं. तरीही औषधाशिवायच्या चक्रात, पाळी दीड-दोन महिन्यांनी येणाऱ्या बाईची फॉलिक्युलर स्टडी सुरू करणं मला पटत नाही. दहाव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत पाच-सहा चकरा, प्रत्येक वेळी रजा, एसटीचा किंवा लोकलचा प्रवास, रांग, आणि कागदावर तेच: बारीक फॉलिकल्स. बीज पस्तिसाव्या दिवशी सुटणार असेल तर तोवर पैसे आणि धीर दोन्ही संपलेले असतात. या तपासणीची खरी जागा औषधाच्या चक्रात आहे.

औषध सुरू झाल्यावर

बीज सुटत नाही हे ठरलं की उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. पूर्वी पहिली पसंती क्लोमिफीनला होती. अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोलनं २७.५ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं, क्लोमिफीननं १९.१ टक्के. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय सूचनांत पीसीओएससाठी पहिलं औषध लेट्रोझोलच आहे. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती. गर्भाच्या व्यंगांची जी भीती त्यामागे होती ती पुढच्या अभ्यासांत टिकली नाही, आणि बंदी उठली. आज ते जेनेरिक रूपात सहज मिळतं. त्याच्या खोक्यावर स्तनाच्या कर्करोगाचा उल्लेख पाहून घाबरू नये. मुळात ते त्यासाठी तयार झालेलं औषध आहे.

त्या अमेरिकी चाचणीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बीज सुटलं का, हे तिथे चक्राच्या उत्तरार्धातल्या प्रोजेस्टेरॉनवरून ठरवलं होतं, आणि जोडप्यांना आठवड्यातून दोन-तीनदा संबंध ठेवा एवढंच सांगितलं होतं. लेट्रोझोलचं श्रेष्ठत्व ज्या चाचणीनं सिद्ध केलं ती रोजच्या पट्ट्यांच्या आधारावर चाललेली नव्हती.

औषधाच्या पहिल्या चक्रात सोनोग्राफी करण्याला मात्र ठोस कारण आहे. गोळी किती मात्रेत लागू पडते ते कळतं, आणि एकाच वेळी तीन-चार फॉलिकल्स वाढली तर जुळ्या-तिळ्यांचा धोका ओळखून ते चक्र सोडून देता येतं. इंजेक्शनांनी बीज वाढवत असतील तर ही देखरेख हवीच. क्लोमिफीन घेताना पट्टी वापरायची असेल तर शेवटच्या गोळीनंतर निदान तीन दिवस जाऊ द्यावेत, नाहीतर एलएच खोटं वर दिसतं. अंडं फुटायचं इंजेक्शन म्हणजे एचसीजी. ते घेतल्यावर साधारण ३६ तासांनी फॉलिकल फुटतं. गरोदरपणाची चाचणीही एचसीजीच शोधते, म्हणून इंजेक्शननंतर दहा ते चौदा दिवस घरी चाचणी करू नये. आलेली रेघ इंजेक्शनची असते, आणि त्या रेघेवर आनंदून दोन दिवसांनी पाळी येणं फार जिव्हारी लागतं.

तारखांचा भार

आठवड्यातून दोन-तीनदा संबंध, हा सल्ला साधा वाटतो, पण पीसीओएसमध्ये तोच सर्वांत भरवशाचा. शुक्रजंतू पाच दिवसांपर्यंत टिकत असल्यानं बीज कधीही सुटलं तरी ते गाठायला कोणीतरी आधीच हजर असतं. तारीख कळली नाही तरी चालतं. याउलट ‘आजच’ असा हुकूम सुटला की नवऱ्याला त्या रात्री जमत नाही, बाईला राग येतो, दोघंही गप्प होतात. हे अनेक घरांत घडतं आणि कोणी बोलत नाही. एकत्र कुटुंबात, दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे पलीकडे असताना तारखेला संबंध ठेवणं हे नाजूक प्रकरण आहे. एक जण कामानिमित्त बाहेरगावी असेल, तर तारीख कळणं खरंच गरजेचं ठरतं. तिथे पट्टी आणि सोनोग्राफीचा आधार घ्यावा.

आणि नवऱ्याची तपासणी. वीर्यतपासणी ही स्वस्त, सुईशिवायची, एका दिवसात होणारी चाचणी आहे. पण बाईला पीसीओएस आहे म्हटल्यावर दोष तिच्याच पदरात घालून ती राहून जाते. मूल न होण्यात पुरुषाकडचं कारण निम्म्याच्या जवळपास जोडप्यांत असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणाच्या जोडीनं. सहा महिने लेट्रोझोल घेतल्यावर शुक्रजंतू कमी असल्याचं कळावं, इतकं क्रूर काही नाही. पहिल्याच भेटीत दोघांनी जावं.

मग करावं काय

प्रयत्न सुरू करतानाच टीएसएच, प्रोलॅक्टिन, साखर आणि नवऱ्याची वीर्यतपासणी उरकावी. फॉलिक ॲसिड सुरू करावं. दोन-तीन चक्रं एकच प्रश्न समोर ठेवून नोंद घ्यावी: बीज सुटतंय का? त्यासाठी सकाळचं तापमान किंवा नेमक्या वेळी केलेलं प्रोजेस्टेरॉन, या दोन्हींपैकी जे झेपेल ते. पट्टी हौसेनं वापरायची तर वापरावी, तिच्यावर निकाल सोपवू नये.

बीज सुटत असेल, उशिरा का होईना, तर काही महिने नियमित संबंध ठेवत थांबायला हरकत नाही. वय पस्तिशीच्या पुढे असेल तर फार थांबू नये. बीज सुटत नसेल किंवा वर्षाला चार-पाचदाच सुटत असेल, तर ‘एक वर्ष प्रयत्न करून या’ हा नियम तुम्हाला लागू नाही. तो नियमित पाळीच्या जोडप्यांसाठी आहे. वर्षाला चार बीजं म्हणजे चारच संधी. अशा बाईला वर्षभर पट्ट्या वापरत बसायला सांगणं म्हणजे तिचं वर्ष वाया घालवणं. तीन महिन्यांवर पाळी लांबली तर मुलाचा विचार बाजूला ठेवूनही डॉक्टरांना भेटावं, कारण प्रोजेस्टेरॉनशिवाय अस्तर जाड होत राहणं गर्भाशयाला धोक्याचं आहे.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत. माझं बीज सुटतंय याचा पुरावा कोणता? ही प्रोजेस्टेरॉनची तारीख माझ्या चक्राप्रमाणे आहे का? लेट्रोझोल का नको? किती चक्रं करून पाहायची आणि मग पुढे काय? यांची उत्तरं सरळ मिळत नसतील तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेण्यात काहीही गैर नाही.

पीसीओएस हे मूल न होण्याच्या कारणांपैकी उपचारांना उत्तम दाद देणारं कारण आहे. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे: माग काढणं ही उपचाराकडे जायची छोटी पायरी असू द्या. नोंदी दोन-तीन महिन्यांच्या ठेवा, त्यांतून एक स्पष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ काढा, आणि तो कागद घेऊन नवऱ्यासोबत डॉक्टरांसमोर बसा.